बर्न्स सपर, चरबी वगळून

व्हेज हॅगिस ही चेष्टा नाहीये, हे आधीच सांगून टाकते, कारण मी ग्लासगोत राहते आणि जानेवारीत बर्न्स सपर आलं की कोणी ना कोणी व्हॉट्सॲपवर विचारतंच, "अगं ते तिकडे मेंढीच्या पोटात शिजवलेलं काहीतरी खातात ना, मग तू काय करतेस त्या दिवशी, उपास?" उपास वगैरे काही नाही. मी व्यवस्थित पोटभर जेवते, दोनदा वाढून घेते, आणि जे जेवते ते पूर्ण स्कॉटिशच असतं, पनीर टिक्का नाही. फक्त त्यासाठी थोडी चौकशी करावी लागते आणि ती नेमकी कशाची करायची हे माहीत असावं लागतं, बास. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा लाडका कवी. २५ जानेवारी १७५९ ला एअरशरमधल्या ॲलोवे गावात शेतकऱ्याच्या घरी जन्मला, २१ जुलै १७९६ ला डम्फ्रीसमध्ये गेला, म्हणजे वय अवघं ३७. त्यानंतर पाच वर्षांनी, १८०१ च्या जुलैत, नऊ जण त्याच्या जन्मघरी जमले, जेवले, त्याच्या कविता म्हटल्या आणि तिथून बर्न्स सपरची, म्हणजे त्याच्या आठवणीतल्या या जेवणाची, प्रथा पडली. त्या पहिल्या जेवणात हॅगिस होतं आणि मेंढीचं मुंडकं होतं (मुंडकं पुढे मेन्यूतून गेलं, देवाची कृपा). मग ग्रीनॉक गावच्या बर्न्स क्लबवाल्यांनी ठरवलं की पुण्यतिथीला कशाला, जन्मदिवसाला करू, तर १८०२ मध्ये त्यांनी २९ जानेवारीला केलं आणि पुढच्या वर्षी चर्चच्या नोंदी बघितल्यावर कळलं की अरे, जन्म तर २५ चा. आता सगळीकडे २५ लाच असतं, किंवा ऑफिसवाल्यांना सोयीचा जो शुक्रवार असेल तेव्हा.

संध्याकाळ कशी असते तर, आधी सेलकर्क ग्रेस नावाची चार ओळींची प्रार्थना, मग सूप, आणि मग सगळ्यांनी उभं राहायचं कारण बॅगपाइपच्या गजरात हॅगिस येतं. पुढे पायपर, मागे ताट घेतलेला स्वयंपाकी, त्याच्या मागे कविता म्हणणारा, आणि सगळे टाळ्या वाजवून ठेका धरतात. ताट टेबलावर ठेवलं की तो माणूस त्या हॅगिसकडे बघून बर्न्सची 'ॲड्रेस टु अ हॅगिस' आख्खी म्हणतो, हातवारे करून, आणि सुरीची ओळ आली की खच्चकन सुरी खुपसतो आणि आतलं वाफेसकट बाहेर येतं. मग व्हिस्कीचा घोट, जेवण, भाषणं, गाणी. 'इमॉर्टल मेमरी' हे बर्न्सवरचं मुख्य भाषण, 'टोस्ट टु द लॅसीज' हे पुरुषाने बायकांवर केलेलं भाषण (वक्ता बरा असेल तर मजा, नसेल तर सगळे ताटाकडे बघत बसतात), त्याला एका बाईने दिलेलं उत्तर, आणि शेवटी हात गुंफून 'ऑल्ड लँग साइन' हे बर्न्सचंच गाणं. ग्लासगोत जानेवारीअखेर साडेचारलाच अंधार पडतो, बाहेर पाऊस, त्यामुळे असं काहीतरी असणं किती बरं वाटतं ते इथे राहिल्याशिवाय नाही कळायचं.

आता हॅगिस. मेंढीचं हृदय, लिव्हर आणि फुप्फुसं बारीक करून त्यात ओटमील, कांदा, चरबी, मीठ आणि भरपूर मिरी घालायची, आणि मेंढीच्याच जठराच्या पिशवीत भरून उकडायचं, ही मूळ पद्धत. १९७१ मध्ये अमेरिकेने खाण्यात जनावरांची फुप्फुसं वापरायला बंदी केली, तेव्हापासून अस्सल स्कॉटिश हॅगिस तिकडे जाणं बंद झालं, म्हणजे न्यू जर्सीतली माझी मांसाहारी मैत्रीणसुद्धा या बाबतीत बरीच वर्षं माझ्याच पंगतीत होती.

मी व्हेज आहे आणि तरी मला बर्न्स नाइट आवडते याचं कारण खुद्द बर्न्सच आहे. हा माणूस नांगरताना उंदराचं घरटं मोडलं म्हणून त्या उंदरावर कविता लिहितो, १७८५ मध्ये, आणि तीही त्याची क्षमा मागणारी. मेली नावाची त्याची एक पाळलेली मेंढी होती, ती दोरात अडकून पडली तर तिचे शेवटचे शब्द काय असतील यावर एक कविता आणि वर तिच्यासाठी वेगळं विलापगीत. गोळी लागलेल्या सशावर पण आहे एक. तो शाकाहारी होता असं मी अजिबात म्हणत नाहीये, उगाच आपल्या बाजूला ओढायला नको, १७८६ मध्ये हॅगिसची आरती त्यानेच लिहिली ना. पण मेंढीसाठी रडणारा आणि मेंढीच्या आतड्यांवर लाळ टपकवणारा हा एकच माणूस आहे, आणि अशा माणसाच्या जेवणाला माझ्यासारखी बाई ओट्स आणि राजमा खात बसली तर त्याला राग आला असता असं मला वाटत नाही.

आणि खरी गंमत म्हणजे व्हेज हॅगिस कवितेच्याच घरून आलंय. १९८४ मध्ये एडिनबरात स्कॉटिश पोएट्री लायब्ररी सुरू झाली, त्या उद्घाटनाच्या निमित्ताने एडिनबराच्याच मॅकस्वीन या हॅगिसवाल्या खाटीक कुटुंबाने व्हेज हॅगिस तयार केलं. म्हणजे खाटकाने शाकाहारी पदार्थ करायचा आणि तो कवींना वाढायचा. आज त्यांचं व्हेज हॅगिस जवळपास प्रत्येक सुपरमार्केटमध्ये दिसतं, बर्न्स नाइटच्या आधी तर ढीगच असतो. आत ओट्स, राजमा, मसूर, गाजर, स्वीड (सलगमासारखा कंद), मशरूम, बिया आणि तोच मिरीचा मसाला. दूध-बटरही नसतं, म्हणजे व्हीगनलाही चालतं. सायमन हाउई या दुसऱ्या कंपनीचंही मिळतं. मी दोन्ही घेते, एक मिरीला जास्त एक कमी, कुठलं कुठलं ते सांगत नाही, स्वतः खाऊन ठरवा.

विकत आणलेलं शिजवलेलंच असतं, आपल्याला फक्त नीट गरम करायचंय. मायक्रोवेव्हमध्ये पाच-सात मिनिटांत होतं पण मग ते आरती करण्याच्या लायकीचं राहत नाही, चमच्याने सारखं करून वाढायचं एवढंच. मिरवायचं असेल तर आतलं आवरण तसंच ठेवून फॉइलमध्ये गुंडाळा, खोलगट ट्रेमध्ये थोडं पाणी घालून त्यात ठेवा, १८० डिग्रीला तासभर, साइजप्रमाणे कमीजास्त, पाकिटावर लिहिलेलं असतं ते वाचा. व्हेज हॅगिस मूळच्यापेक्षा जरा कोरडं आणि मोकळं असतं, सुरी मारल्यावर फसकन बाहेर येत नाही, भुरभुर पडतं. त्यामुळे मी बाहेर काढल्यावर वरून चमचाभर वितळलेलं बटर सोडते.

आता मुख्य मुद्द्यावर येते. इथे हॉटेलात किंवा क्लबात बर्न्स सपरचं तिकीट काढलं आणि व्हेज सांगितलं की हॅगिसचा प्रश्न सहसा येत नाही, व्हेज हॅगिस बहुतेक ठिकाणी देतात. घोळ बाकीच्या ताटात असतो. मांस दिसतं हो, चरबी दिसत नाही. आणि जुना स्कॉटिश स्वयंपाक चरबीवर चालतो. स्कर्ली म्हणजे कांदा-ओटमीलचा परतलेला प्रकार, ऐकायला शंभर टक्के शाकाहारी, पण जुन्या पद्धतीने तो बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोमांसाच्या वितळलेल्या चरबीत, परततात. मसुराचं सूप, बिचारं साधं लाल मसुराचं सूप, ते बऱ्याचदा डुकराच्या हाडाच्या स्टॉकमध्ये उकळलेलं असतं. स्कॉच ब्रॉथ या सूपमध्ये बार्ली, वाटाणे, गाजर, केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) सगळं आपलंच, फक्त खाली मटणाची मान. क्लूटी डंपलिंग हे गोड, त्यात सूएट म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. काही घरगुती ओटकेकमध्ये पण चरबी घालतात. बटाट्याचे चिप्स कशात तळलेत ते विचारा, इथे काही दुकानं अजून बीफ ड्रिपिंग वापरतात. सॉसमध्ये वूस्टर सॉसचे दोन थेंब पडले की त्यात अँकोव्ही मासे आले. ट्रायफल या गोडाच्या जेलीत जिलेटिन, तेही जनावरांचंच. आणि वाइन सुद्धा, काही वाइन माशांच्या पिशवीपासून काढलेल्या पदार्थाने नितळ करतात. व्हिस्कीला मात्र असलं काही लागत नाही, पिणाऱ्यांनी निर्धास्त असा.

मी एका हॉटेलात (नाव कशाला घेऊ, जेवण बाकी छान होतं) व्हेज हॅगिससोबत जी ग्रेव्ही आली तिचा वास घेतला आणि वेटरला विचारलं की ही कशाची, तर तो म्हणाला बीफची, पण ती बाजूला वाटीत दिलीय ना. असं असतं. त्याच्या दृष्टीने व्हेज म्हणजे ताटातल्या मधल्या गोळ्यात मांस नाही.

माझे सासरे माळकरी आहेत, पंढरीची वारी केलेले, मांस-मच्छी सोडा, दारूचा थेंबही नाही. ते जानेवारीत आमच्याकडे आले होते (कोणी सांगितलं होतं जानेवारीत यायला, पण तिकीट स्वस्त होतं) आणि शेजारच्यांनी बर्न्स सपरला बोलावलं. मी त्यांना हॅगिसची सगळी कथा सांगितली, मेंढी, पोट, फुप्फुसं, मला वाटलं ऐकूनच नको म्हणतील. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ते सगळं कळलं गं पोरी, पण तुमचं ते वेगळं वालं परतलंय कशात?" मी म्हटलं, "बाबा, तेच विचारायचं असतं इथे!" शेजारच्या आजीबाईंनी डबा काढून दाखवला, सूर्यफुलाचं तेल. मग बाबा जेवले, बार्लीचं सूप दोनदा घेतलं, आणि कवितेला सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्या, शब्द एक कळला नव्हता.

तर आता घरी करायचं असेल तर मी काय करते ते सांगते, पाहुणे सहा धरून.

सूप मी स्कॉच ब्रॉथच करते, मटण वगळून. सुपरमार्केटमध्ये ब्रॉथ मिक्स म्हणून पाकीट मिळतं, बार्ली, फुटाण्याएवढे वाटाणे, मसूर असं एकत्र, ते रात्रभर भिजत घालायचं. मटण नाही म्हणजे चवीला खोली कुठून आणायची हा प्रश्न, तर बटरमध्ये लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी) आणि गाजर अगदी मंद आचेवर वीस मिनिटं तरी परतायचं, घाई नाही, कडा तपकिरी होऊ द्यायच्या, मग स्वीडचे तुकडे, भिजवलेलं मिक्स, पाणी, आणि चमचाभर मार्माइट. मार्माइट यीस्टचं असतं, शाकाहारी आहे, आणि ब्रेडवर लावून खाण्यापेक्षा सूपमध्येच त्याची खरी जागा आहे असं माझं मत. तासाभराने बारीक चिरलेली केल घालायची आणि पांढरी मिरी. कॉक-अ-लीकी हे दुसरं पारंपरिक सूप, कोंबडी, लीक आणि सुकलेले प्लम, ते कोंबडीशिवाय पण बरं होतं, लीक दुप्पट घ्या आणि बार्ली टाका. कलन स्किंकच्या नादी लागू नका, ते स्मोक्ड हॅडॉक माशाचं सूप आहे, त्यात मासा काढला तर बटाटा आणि दूध उरतं, लोक त्यात स्मोक्ड टोफू घालून व्हेज कलन स्किंक म्हणतात, मला नाही पटत.

नीप्स आणि टॅटीज म्हणजे स्वीड आणि बटाटा, दोन्ही वेगवेगळे कुस्करून. स्वीड हा जांभळट सालीचा, आत पिवळा कंद. चिरताना जीव जातो, चांगली जड सुरी घ्या. (पूर्वी इथे हॅलोवीनला भोपळ्याऐवजी हेच कोरायचे, ज्यांनी कोरलं त्यांच्या मनगटांना नमस्कार.) तुकडे करून अर्धा तास उकडायचा, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, पाणी पूर्ण निथळायचं, परत कोरड्या पातेल्यात दोन मिनिटं गॅसवर ठेवून उरलेली वाफ घालवायची, नाहीतर ताटात पिवळं पाणी सुटतं. मग बटर, काळी मिरी, जायफळ. बटाटा पिठूळ हवा, मॅरिस पाइपर किंवा केर्स पिंक जातीचा, दूध गरम करून घालायचं, थंड घातलं की चिकट होतो. दोन्ही एकत्र कुस्करून वर चाइव्ह टाकले की त्याला क्लॅपशॉट म्हणतात, ते उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरचं, आणि भांडी कमी पडतात म्हणून मी बऱ्याचदा तेच करते. बॉर्डर्सकडचं, म्हणजे इंग्लंडच्या सीमेलगतच्या भागातलं, रंबलडीथंप्स आहे, कुस्करलेला बटाटा, परतलेला कोबी, कांदा, वर चीज घालून ओव्हनमध्ये, हे तर इतकं पोटभरीचं आहे की ज्यांना हॅगिसच नको त्यांच्यासाठी हेच मेन ठेवा. खरं तर मला वाटतं व्हेज पाहुण्यांना मशरूम रिसोटो किंवा पास्ता देणाऱ्या केटररला कोणीतरी हे रंबलडीथंप्स दाखवायला हवं. स्वतःच्या घरात इतकं आहे आणि इटलीहून काय मागवताय?

स्कर्ली बटरमध्ये. एक मोठा कांदा बारीक, ५० ग्रॅम बटर, कांदा गुलाबी झाला की १०० ग्रॅम ओटमील, मीठ, मिरी, आणि कुरकुरीत होईपर्यंत परतत राहायचं. फोडणीच्या पोह्यांवर वाढलेल्या हाताला हे जमतंच. इथे एक सांगते, ओट्सचा प्रकार महत्त्वाचा. आपण नाश्त्याला जे चपटे पोरिज ओट्स आणतो ते नाही चालत, लगदा होतो. पिनहेड म्हणजे जाड कण्या किंवा मीडियम ओटमील घ्या. हॅगिसला पिनहेड, स्कर्लीला मीडियम.

घरी हॅगिस करायचं असेल तर. पिनहेड ओटमील १५० ग्रॅम कोरडंच कढईत खमंग भाजून बाजूला. बटर किंवा व्हेजिटेबल सूएट (पाम तेल आणि पिठाचं असतं, पाकिटावर व्हेजिटेबल लिहिलेलं बघून घ्या, शेजारीच बीफचं ठेवलेलं असतं) ५० ग्रॅम, त्यात एक मोठा कांदा, किसलेलं गाजर, १०० ग्रॅम मशरूम अगदी बारीक, मशरूमचं पाणी आटेपर्यंत परता. मग ७५ ग्रॅम लाल मसूर आणि अर्धा लिटरपेक्षा थोडा जास्त व्हेज स्टॉक, दहा मिनिटं शिजलं की ओटमील आणि राजम्याचा एक डबा, निथळून अर्धवट कुस्करलेला. मूठभर भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया, मी कधी शेंगदाण्याचं जाडं कूट घालते. आता मसाला, आणि इथे हात आवरा. गरम मसाला नाही, धणे-जिरे पूड नाही, लाल तिखट तर नाहीच. काळी मिरी दोन चमचे ताजी कुटलेली, हो दोन, जायपत्री, जायफळ, थोडं ऑलस्पाइस, थाइम. हॅगिसची चव म्हणजे मिरी आणि जायपत्री, मांस असो नसो, आणि ती बरोबर जमली की मांस खाणारे सुद्धा मान डोलावतात. लिंबू थोडं पिळते मी शेवटी, ते माझं. घट्ट होईपर्यंत परतून, तेल लावलेल्या लांबट ब्रेडच्या टिनमध्ये दाबून भरायचं आणि १९० डिग्रीला अर्धा तास, वरून खरपूस. पिशवीत भरायच्या भानगडीत पडत नाही, अगदीच मिरवायचं असेल तर कोबीची मोठी पानं उकळत्या पाण्यातून काढून त्यात बांधते, गोल गोळा छान दिसतो आणि सुरीपण मस्त बसते.

व्हिस्की सॉस सोपा आहे. बटरवर छोटा कांदा, दोन-तीन चमचे व्हिस्की, ती जरा आटली की थोडा व्हेज स्टॉक, डबल क्रीम, चमचाभर अख्ख्या मोहरीचं मस्टर्ड, मिरी. साधी ब्लेंडेड व्हिस्की घ्या, नवऱ्याची सिंगल माल्ट सॉसमध्ये घातली तर घरात वेगळाच कार्यक्रम होईल. उकळली की दारू उडून जाते असं सगळे म्हणतात पण पूर्ण उडत नाही, थोडी राहते, त्यामुळे बाबांसारखी माणसं असतील तर दुसऱ्या पातेल्यात व्हिस्कीशिवाय करा, त्याऐवजी सफरचंदाचा रस दोन चमचे. आणि टोस्टच्या वेळी त्यांच्या हातात आयर्न-ब्रू हे थंड पेय द्या, ते पण इथलंच, केशरी रंग बघून बाबांना रसना आठवलं होतं.

गोडात क्रॅनाखन. हे एवढं सोपं आणि एवढं चांगलं आहे की बाकी काही जमलं नाही तरी हे करा. ३०० मिली डबल क्रीम हलकं फेटायचं, अगदी घट्ट नाही, त्यात मध, दोन चमचे व्हिस्की (किंवा संत्र्याचा रस), कोरडं खमंग भाजलेलं ओटमील ५०-६० ग्रॅम, आणि रासबेरी. जानेवारीत ताज्या रासबेरी कुठल्या, फ्रोझन आणा, पर्थशरच्या मिळाल्या तर उत्तम, वितळल्यावर रस सुटतो तो क्रीममध्ये लाल रेघा करतो ते सुंदरच दिसतं. फक्त आधी करून ठेवू नका, ओट्स मऊ पडतात. मध हेदरच्या फुलांचा मिळाला तर बघा. यात अंडं नाही, जिलेटिन नाही, चरबी नाही, काही विचारायची गरजच नाही. टिप्सी लेअर्ड म्हणजे व्हिस्कीवालं ट्रायफल, त्यात स्पंजमध्ये अंडं असतं आणि जेली घातली तर जिलेटिन. कस्टर्ड मात्र बर्ड्सच्या पावडरचं असेल तर बिनअंड्याचं, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला अंड्याची ॲलर्जी होती म्हणून त्याने १८३७ मध्ये ती पावडर शोधली, तिच्यामुळे आपल्या सगळ्या मावश्यांची फ्रूट कस्टर्डं झाली. क्लूटी डंपलिंग म्हणजे मनुका, मसाला, पीठ फडक्यात बांधून तासन्तास उकडलेलं, व्हेज सूएटने होतं, पण काही जणी अंडं घालतात ते विचारा. चहाबरोबर शॉर्टब्रेड आणि टॅबलेट. टॅबलेट म्हणजे साखर, बटर, कंडेन्स्ड मिल्क आटवून केलेल्या वड्या, आणि आई गं, किती गोड, एका वडीत दिवाळी.

चीज ठेवणार असाल तर लेबल बघा. बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते) असतं, पण व्हेज रेनेटवाली स्कॉटिश चीज भरपूर मिळतात, पाकिटावर व्हेजिटेरियनचं चिन्ह असतं. कॅबॉक माझं आवडतं, क्रीमचं मऊ चीज आणि बाहेरून भाजलेल्या ओटमीलमध्ये घोळवलेलं, ओटकेकवर लावून खायचं.

मैत्रिणीचे आईवडील जैन आहेत, ते आले तेव्हा जरा डोकं चालवावं लागलं कारण बर्न्स सपर म्हणजे जमिनीखालच्या भाज्यांचं संमेलनच, बटाटा, स्वीड, कांदा, गाजर. पण ओट्स, बार्ली, वाटाणे, केल, कोबी हे सगळं वरचं. बार्ली आणि वाटाण्याचं सूप केल घालून, हिंगाची चिमूट चोरून (माफ कर रे बर्न्स). ओटमील, राजमा, मसूर, बियांचं हॅगिस कांदा-गाजर-मशरूमशिवाय, वर बटरमध्ये परतलेला कोबी. काका म्हणाले छान झालंय. क्रॅनाखन मधाऐवजी साखरेच्या पाकात, कारण मध त्यांना चालत नाही, आणि व्हिस्की अर्थातच नाही.

आणि एक अगदी आपल्या लोकांसाठीची टीप, जी कुठल्या स्कॉटिश वेबसाइटवर दिसणार नाही. सुरी! मोठ्या सपरमध्ये दोन्ही हॅगिस एकाच ताटात मिरवत आणतात, कविता एकदाच म्हणतात, आणि सुरी एकच असते. आधी मेंढीच्या हॅगिसमध्ये खुपसली आणि मग तीच आपल्यात, झालं. त्यामुळे यजमानांना आधी हळूच सांगून ठेवायचं, एकतर सुऱ्या दोन ठेवा, नाहीतर आधी आमचं कापा. मी सांगते, कोणी कधी नाक मुरडलं नाही, उलट कविता म्हणणाऱ्याला दोनदा सुरी चालवायला मिळते म्हणून तो खूश. वाढायचे चमचे पण वेगळे मागा. पण एक हट्ट मात्र करा, व्हेज हॅगिस मिरवणुकीत असायलाच हवं. किचनमधून मागाहून गुपचूप आणून ठेवलेलं चालणार नाही. पायपर आपल्या हॅगिसपुढे पण वाजला पाहिजे.

शेवटी उरलेल्याचं. हॅगिस उरतंच, आणि दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी. परेड इथे पहाटेच लागते, आम्ही दुपारी रेकॉर्डिंग बघतो आणि त्यासोबत हॅगिस पकोडा. हे मी शोधलेलं नाही, ग्लासगोतल्या देशी हॉटेलांत हॅगिस पकोडा कधीपासून मिळतो, आता व्हेजवाला पण मिळतो, आणि ग्लासगोची माणसं पकोड्याला आपलाच पदार्थ समजतात, त्यांना वेगळं सांगायला जाऊ नका. उरलेल्या हॅगिसचे लिंबाएवढे गोळे करून फ्रीजमध्ये तासभर ठेवा म्हणजे तळताना फुटत नाहीत. बेसन, मीठ, हळद, थोडं तिखट, ओवा, पीठ जरा दाटच भिजवा. आदल्या दिवशी आवरलेला हात आता मोकळा सोडायला हरकत नाही. सोबत तो गुलाबी पकोडा सॉस, दही, केचप, बाटलीतला मिंट सॉस, चिमूटभर तिखट, नीट ढवळून. सॉस आधी करून गार करा, पकोडे आयत्या वेळी तळा, आणि तळणाचं तेल कुठलं ते कोणी विचारायच्या आत बाटली टेबलावर ठेवा.